गल्लीचं गोपनीय रजिस्टर

सरकारने आमच्या गल्लीची जेवढी विचारपूस केली तेवढी आमच्या सख्ख्या नातेवाइकांनीही कधी केली नाही. हे मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे मी जे बोलणार आहे ते कृतघ्नपणाचं वाटायला नको. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो काळ. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. नागपुरात लकडगंजच्या अलीकडे विणकरांच्या एका अरुंद गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग आणि मागच्या खोलीत आम्ही. नळ गल्लीच्या तोंडाशी एकच, पण आमच्या तब्येतीची चौकशी करणारी खाती मात्र चार-पाच होती. पाणी यायचं एकदा, चौकशीवाले यायचे केव्हाही.

आमचं दार म्हणजे या खात्यांची पाटी होती. हिवतापवाले फवारणी करून दारावर तारीख घालून जायचे. देवीच्या लसवाल्यांची खूण वेगळी. कुटुंब नियोजनाच्या बाई चौकटीवर पोरांचा आकडा लिहायच्या आणि त्याखाली एक रेघ ओढायच्या. रेघ आडवी असली तर ऑपरेशन झालेलं, उभी असली तर व्हायचं बाकी. ही खूण म्हणे फक्त खात्याला कळायची. गल्लीला ती दोन दिवसांत कळली. आमच्या समोरच्या घरातल्या सुनेला तर आपल्या नवऱ्याने गुपचूप ऑपरेशन करून घेतलंय हे चौकटीवरच्या आडव्या रेघेवरूनच समजलं. तेही तिला स्वतःला नाही, नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना आधी. त्या दिवशी त्या घरात भाकरी झाली नाही.

तर अशा आमच्या गल्लीत चट्टेवाला यायचा. त्याचं खरं पद मोठं लांबलचक होतं, पण तो अंगावरचे फिके चट्टे शोधत हिंडायचा म्हणून तो चट्टेवाला. महारोगाची पाहणी करायचं त्याचं काम. तिशीतला, सडपातळ, सायकलच्या हँडलला खाकी पिशवी, पिशवीत कापूस, टाचणी आणि एक जाडजूड रजिस्टर. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने ‘गोपनीय’ असं लिहिलेलं. अक्षर एवढं ठसठशीत होतं की गल्लीच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता यावं.

तो दर महिन्याला एकदा यायचा आणि प्रत्येक वेळी आमच्या शेजारच्या मावशीच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबायचा. मावशी विधवा, चाळिशी ओलांडलेली. तिची एकुलती एक लेक भंडाऱ्याकडे दिलेली. आमच्यासह चार घरांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून ती पोट भरायची. मला चरख्यावर बसवलं ते तिनेच. माझी आई मागाच्या कामात, तिला शिकवायला फुरसत कुठे. आता तरुण माणूस दर महिन्याला विधवेच्या दारी पाणी पितो म्हटल्यावर गल्लीने काय निष्कर्ष काढावा? तोच काढला. ‘सगळ्या गल्लीत याले तिथंच तहान लागते,’ असं बायका नळावर म्हणायच्या. मावशीच्या कानावर ते जायचं. ती काहीच बोलायची नाही. उलट मला तिचा थोडा रागच यायचा, की बाई, एकदा तरी तोंड उघडून त्यांना गप्प कर ना. पण तिने कधी केलं नाही.

आता बोटाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढची सगळी भानगड त्या बोटामुळे झाली. कांडी भरताना एका हाताने चरखा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून सूत सोडायचं. खळ दिलेलं सूत असतं, ते चामडी कापत जातं. पहिलं वर्षभर बोट रडवतं. मग तिथे घट्टा पडतो, घट्ट्यात सुताची खाच पडते, आणि एक दिवस असा येतो की काहीच लागेनासं होतं. आमच्यात तो दिवस पोरीने आईला अभिमानाने सांगायचा असतो. इतर जातींत मुलगी पाहायला आले की चालून दाखव, गाणं म्हण, असं काय काय करायला लावतात. आमच्यात मुलाची आई मुलीच्या हातावर सुपारी ठेवते आणि सुपारी ठेवता ठेवता हळूच तिचं बोट दाबून पाहते. मऊ लागलं तर चहा पिऊन घरी.

माझं बोट मऊ नव्हतं. त्या वर्षी माघात उमरेडचं स्थळ आलं. दोन मागांचं घर, मुलगा मॅट्रिकपर्यंत शिकलेला. मुलाच्या आईने माझं बोट दाबलं आणि तिचा चेहरा उजळला. मुलाने मात्र बोट पाहिलं नाही. मी सातवी पास आहे हे ऐकून त्याने विचारलं की वाचायला काय आवडतं. आधी दोन स्थळं येऊन गेली होती, पण हे कोणीच विचारलं नव्हतं. मी उत्तर काय दिलं ते आठवत नाही. तो मुलगा मला आवडला एवढं आठवतं, आणि रात्री आईच्या शेजारी पडल्या पडल्या हे लग्न व्हावं म्हणून मी देवाला नवस बोलले तेही आठवतं. लग्न वैशाखात ठरलं.

फाल्गुनात चट्टेवाल्याचं शिबिर लागलं. त्या वर्षी वरून नवीन हुकूम आला होता. एकेक घर हिंडायचं नाही, सगळ्यांना एकत्र बोलवायचं. जागा विणकर सोसायटीच्या ओसरीवर, गोपनीयता राखायला बायकांपुढे एक जुनं पातळ दोरीवर टाकलेलं. पातळ आमच्याच मागावरचं, तेव्हा ते किती झिरझिरीत होतं हे आम्हाला ठाऊक. पातळाच्या अलीकडे चट्टेवाला आणि जिला तपासायचं ती बाई, पलीकडे उरलेली गल्ली. तो आतून मोठ्याने प्रश्न विचारायचा आणि बाहेरून गल्ली उत्तर द्यायची. वय किती म्हटलं की आतली बाई पंचवीस सांगायची आणि बाहेरून कोणीतरी तिशी पूर्ण करून द्यायचं. घरात कोणाले आजार होता काय म्हटलं की शेजारीण तिच्या सासऱ्याचा दमा, दिराची मिरगी आणि जावेचं वेडेपण, सगळं न विचारता पुरवायची. नोंदी अशा काटेकोर झाल्या की विचारता सोय नाही. एकट्याने हे कोणाला जमलं नसतं.

माझा नंबर आला. मनगटावर शिब्याचा एक फिका डाग होता, दर हिवाळ्यात यायचा. चट्टेवाल्याने तो पाहिला, कापूस फिरवला आणि डोळे मिटायला सांगितले. मग कुठे लागतं ते सांगायचं. मनगटावर लागलं, मी सांगितलं. कोपरावर लागलं. मग त्याने तर्जनीला टाचणी लावली आणि मी गप्प. त्याने जरा दाबली. मी गप्पच. खरं तर त्याने टाचणी लावलीय हे मला कळत होतं, बोटाने नाही, त्याच्या श्वासावरून. पण पातळापलीकडे सगळी गल्ली कान देऊन बसलेली, आणि माझं लग्न ठरलेलं. मी काय म्हणाले असेन?

“टोचा अजून,” मी म्हणाले. “मले काही होत नाही.”

बाहेरून बायका हसल्या. माझी आई तर अभिमानाने सांगू लागली की तीन वर्षांत पोट्टीचं बोट लाकूड झालं. चट्टेवाल्याने आणखी एकदा टोचून पाहिलं, रक्ताचा बारीक थेंब आला, मला काही नाही. मग त्याने रजिस्टर उघडून काहीतरी लिहिलं. मी ऐटीत बाहेर आले. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेणारे बरेच असतात, पण तो धोंडा मिरवत घरी नेणारी त्या दिवशी मी एकटीच असेन.

तिसऱ्या दिवशी आमच्या दारावर गेरूचा गोल आला. हिवतापाच्या तारखेखाली, पोरांच्या आकड्याशेजारी. आम्हाला वाटलं बोट पक्कं असल्याची शाबासकी असेल. खरंच सांगते, आईने त्याला हात लावू दिला नाही, पुसू नका म्हणाली.

त्यानंतर आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं. आमच्याकडे पत्र आलं की पोस्टमन वाचून द्यायचा. निम्म्या गल्लीला वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना सवय लागली होती. तो नळाशी सायकल लावायचा आणि एकेक पत्र मोठ्याने वाचायचा. सुखदुःखाची पत्रं सगळ्यांनी मिळून ऐकायची, ही आमची रीत. त्याने आमचं पोस्टकार्ड काढलं. छापील मजकूर होता, मधल्या रिकाम्या जागा शाईने भरलेल्या. अमुक घर नंबर, तमुक नावाची मुलगी, वय एवढं, महारोगाची संशयित आढळली असून तिने गुरुवारी दवाखान्यात तपासणीस हजर राहावे. आणि तळाशी छापलेलं, की ही माहिती गोपनीय आहे. पोस्टमन सरळ माणूस, त्याने तळाची ओळही वाचली.

नळाचं पाणी वाहत राहिलं. कोणी घागर खाली लावेना. माझी आई तिथेच होती, तिच्या हातात घागर होती आणि ती कोणाच्या तोंडाकडे पाहावं हे न कळून नळाकडे पाहत उभी राहिली. बातमी घरी मी ऐकली ती समोरच्या सुनेकडून. तिची स्वतःची बातमी चौकटीवरून कळली होती, तेव्हा तिने निदान मला समोर बसवून सांगितलं. तिचे उपकार मी विसरले नाही.

उमरेड नागपूरहून फार लांब नाही, पण बातमीला तेवढंही अंतर लागलं नाही. रविवारी मुलाची आत्या आली. चांगली धिप्पाड बाई, बोलायला मोकळी. ती म्हणाली की आम्हाला पोरगी पसंत आहे, पोराला तर जास्तच. पण लोक बोलतात. दवाखान्याचा शिक्का असलेला कागद आणा, पोरीला काही नाही म्हणून, आणि वैशाखात लग्न लावून टाकू. कागद नसला तर मात्र आम्हालाही पोरी उजवायच्या आहेत. बाबांनी मान हलवली. बाबा कधी कोणापुढे फार बोलायचे नाहीत. ती गेल्यावर ते मागावर जाऊन बसले, पण धोटा काही हलला नाही.

गुरुवारी मी आणि बाबा दवाखान्यात गेलो. गुरुवार हा त्याच रोगाचा वार होता, बाकीच्या दिवशी बाकीचे रोग. म्हणजे गुरुवारी त्या फाटकातून जाताना दिसलात की वेगळं पोस्टकार्ड पाठवायचीही गरज नाही. फाटकासमोर पानठेला होता, ठेल्यावर माणसं होती आणि प्रत्येकाला तिथून जाणाऱ्याचं तोंड पाहायला वेळ होता. मी पदर तोंडावर घेतला. पदर घेतल्यामुळेच मी कोण ते त्यांना नीट कळलं असणार.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी माझ्या कोपराची शीर चाचपली, मनगटावरचा डाग पाहिला आणि मग बोट हातात घेऊन उलटंपालटं केलं. विचारलं, कांड्या भरतेस? मी हो म्हटलं. ते हसायला लागले. म्हणाले, हिला काही रोग नाही, हे कोष्ट्याचं बोट आहे, सगळ्या विणकर गल्लीला असं पोस्टकार्ड धाडावं लागेल. बाबाही हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग बाबांनी हात जोडून म्हटलं, साहेब, एवढं लिहून द्या.

डॉक्टरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने अगदी शांतपणे समजावलं की संशयितांच्या रजिस्टरातली माहिती गोपनीय असते, त्यामुळे तिच्याबद्दल बाहेर कोणालाही लेखी देता येत नाही. मी म्हटलं, बाहेरच्याला नको, मलाच द्या, माहिती माझीच आहे. तो म्हणाला, तीच तर अडचण आहे बाई, ज्याची माहिती त्यालाही नक्कल देण्याची तरतूद नाही. मग नाव तरी खोडा. नाव खोडता येत नाही, सहा महिने निगराणी करून मगच कमी होतं. बाबांनी विचारलं की पोस्टकार्ड कसं धाडलं मग? तो म्हणाला, ते नियमाप्रमाणे गेलं. म्हणजे जे अख्ख्या नळाने ऐकलं ते खोटं आहे एवढंच मला लिहून द्यायला त्यांना मनाई होती. मला इतका राग आला की रडूच आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

बाबा पाणी प्यायला बाहेर गेले. व्हरांड्यात चट्टेवाला बसला होता, मांडीवर रजिस्टर. मला रडताना पाहून तो कानकोंडा झाला. म्हणाला, पोस्टकार्ड माझ्या हातचं नाही ताई, ते हापिसातून जातं, आणि गोलही हुकमाने काढावा लागला. मी त्याला म्हटलं की निदान माझ्याबद्दल काय लिहिलंय ते तरी मला पाहू दे. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पान उघडलं आणि बाकीच्या ओळींवर टिपकागद धरून माझी ओळ दाखवली. डॉक्टरांचा शेरा आत्ताच चढवला होता. रोग नाही, सहा महिने निगराणी. मी तो दोनदा वाचला. तेवढ्यात आतून कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने मान वळवली आणि टिपकागद बोटभर सरकला.

रजिस्टर घर नंबरप्रमाणे लावलेलं होतं. माझ्या वरची ओळ शेजारच्या घराची. मावशीचं नाव. रोग निश्चित, चार वर्षांपासून गोळ्या सुरू, नियमित. आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, रुग्णाच्या विनंतीवरून दारावर खूण करू नये, पत्र पाठवू नये, गोळ्या स्वतः पोचवणे.

तहान कसली होती ते मला तेव्हा कळलं. चार वर्षं गल्ली तिच्याबद्दल नको ते बोलत होती आणि ती ऐकून घेत होती, कारण खरं त्याहून वाईट होतं. चट्टेवाल्याने टिपकागद नीट केला. मी पाहिलं हे त्याला कळलं का, ते त्या वेळी मला समजलं नाही.  घरी येताना बाबांनाही सांगितलं नाही. मावशीने मला बोट धरून चरखा शिकवला होता, तेव्हा हे कोणालाच सांगायचं नाही असं मी सायकल रिक्षात ठरवून टाकलं. मी खरंच ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी आत्या परत आली. बाबांनी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ती म्हणाली, कागद कुठे आहे? कागद देत नाहीत. काहून देत नाहीत? बाबांनी गोपनीयतेचा नियम सांगायचा प्रयत्न केला. त्या नियमावर गल्लीतल्या शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता, आत्याने तरी का ठेवावा. तिने पानाचा डबा उघडून सुपारी कातरली आणि उठायच्या तयारीने म्हणाली, “पाह्य भाऊ, जाळाशिवाय काही धूर दिसत नाही. सरकार उगाच काहून गोल काढीन? या घरात नाही तर कोनाच्या तरी घरात असनच ना.”

मी दाराआड उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर तो मुलगा आला, वाचायला काय आवडतं विचारणारा. त्याच्या घरी जाणं आत्याच्या डब्याच्या झाकणाबरोबर बंद होत चाललं होतं. मी पुढे आले. पोरीने वडीलधाऱ्यांत बोलू नये, पण मी बोलले.

“नंबर चुकला आत्याबाई,” मी म्हणाले. “ते बाजूच्या घरचं होय. मी रजिस्टरात माह्या डोयानं पाह्यलं.”

आत्याने विचारलं, बाजूच्या म्हणजे कोणत्या? मी भिंतीकडे हात केला. त्या भिंतीपलीकडे मावशी आमच्याच कांड्या भरत होती, चरख्याचा आवाज येत होता.

सगळ्यांना लगेच पटलं. हापिसवाले नंबर चुकवतात यावर कोणाचा विश्वास नाही? मी तरी इतके दिवस काय सांगत होते, की ते गाढव आहेत म्हणून. त्या गाढवपणाचा मला असा उपयोग झाला. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बिचाऱ्या पोरीले फुकट बदनाम केलं. आईने तर दारावरचा गोल त्याच दिवशी शेणाने सारवून टाकला.

मावशीला कोणी काही म्हटलं नाही. आमच्या गल्लीत वाईट बोलायची पद्धत नव्हती. पहिल्या घराने सांगितलं, सध्या सूत आलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, आता घरचीच पोरगी कांड्या भरते. तिसऱ्या घराने तिच्या भरलेल्या कांड्या परत घेतल्या, वापरल्या नाहीत. नळावर तिची घागर सगळ्यांच्या शेवटी लागायला लागली आणि ती भरून गेल्यावर बायका तोटी राखेने घासू लागल्या. आमच्या घरचं काम मात्र आईने सुरू ठेवलं होतं. आठ दिवस. मग तिनेही सूत देणं बंद केलं, कारण लग्नाचं घर, पाहुणे येणार, कोणी काही बोलायला नको. ते सूत मीच भरायला घेतलं.

चैत्रात चट्टेवाला नेहमीप्रमाणे आला. मावशी ओट्यावर उभीच होती. तिने त्याला पाणी दिलं नाही. चार वर्षं जिचा आवाज नळावर कोणी ऐकला नव्हता ती बाई त्या दिवशी एवढ्या मोठ्याने बोलली की माग थांबले.

“तूनं मले शब्द देल्ला होता,” ती म्हणाली. “मी तुह्या भरवशावर होती गा. पाप लागन तुले.”

लग्नाची हळद कुटायला काढली होती, मी दारात हळदीच्या वाटीसकट उभी होते. चट्टेवाला खाली मान घालून ऐकत होता. एकदाच त्याने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्याला कळलं होतं. ते पान त्या दिवशी त्याच्याशिवाय मी एकटीनेच वाचलं होतं. आता हा माझ्याकडे बोट दाखवेल, आता सगळ्या गल्लीसमोर माझं नाव घेईल, म्हणून मी अर्धी दाराआड सरकले. त्याने पुन्हा मान खाली घातली. म्हणाला, चुकलं मावशी, माझ्याकडूनच चुकलं. आणि गोळ्यांची पुडी ओट्यावर ठेवून तो सायकल हातात धरून पायीच निघून गेला. मावशीने ती पुडी नालीत टाकली. दोन दिवसांनी एक ट्रंक आणि चरखा घेऊन ती रिक्षात बसली. लेकीकडे चालली असं तिने सांगितलं. लेकीच्या सासरी ते कळलेलं होतं, हे आम्हाला नंतर समजलं.

लग्न वैशाखात झालं. चांगलं झालं. नवरा तसाच निघाला जसा वाटला होता, अजूनही मला पुस्तकं आणून देतो. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण अशा कृत्याचं फळ वाईट मिळालं असतं तर गोष्ट सांगायला बरी झाली असती.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले होते. निगराणीचे सहा महिने उलटून गेले होते, तेव्हा चट्टेवाला आला. या वेळी त्याने मोठ्याने काही विचारलं नाही. दाराशी येऊन हळूच विचारलं, घरात कोणी आहे का? आई बाजारात गेली होती. त्याने बोट पाहिलं, मनगट पाहिलं. डाग गेला होता. मी त्याला विचारलं की त्या दिवशी त्याने मावशीला खरं का नाही सांगितलं.

“तुमच्याबद्दल मी कोनाले काय सांगू ताई?” तो म्हणाला. “तुमचंबी नाव ह्याच रजिस्टरात आहे.”

मग त्याने रजिस्टर उघडलं, इतर ओळींवर टिपकागद घट्ट धरला आणि माझ्या ओळीपुढे लिहिलं, नाव कमी. माझ्या वरच्या ओळीचं काय, हे मी विचारलं. तिच्या गोळ्या कुठे पोचवतोस? तो म्हणाला, लेकीकडून ती महिन्याभरातच निघाली, पुढचा पत्ता कोणाला माहीत नाही, दर महिन्याला त्या बाजूच्या दवाखान्यांना पत्र टाकतो. पोस्टकार्ड नाही, बंद पाकिटातून टाकतो, म्हणाला, स्वतःच्या पैशाने.